मुंबई ते नागपूर: विमानाचे आणि रस्त्याचे अंतर, तसेच प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

मुंबई ते नागपूर हे अंतर किती, असे विचारले तर कोणी सातशे किलोमीटर सांगतो, कोणी पावणेआठशे, तर कोणी सव्वाआठशे. आणि यांपैकी कोणाचेही उत्तर चूक नसते. पहिला सरळ रेषेतले हवाई अंतर सांगत असतो, दुसरा समृद्धी महामार्गाने, तर तिसरा जुन्या रस्त्याने किंवा रेल्वेने मोजत असतो. प्रवास ठरवणाऱ्याला मात्र या आकड्यांपैकी एकही जसाच्या तसा उपयोगी पडत नाही. त्याला हवे असते ते एवढेच, की आपल्या घरातून निघाल्यापासून नागपुरातल्या ज्या दारी पोहोचायचे आहे तेथे पोहोचेपर्यंत किती तास लागतील. हे उत्तर कोणत्याही वेळापत्रकात किंवा नकाशावर तयार मिळत नाही. ते स्वतःच काढावे लागते. ते कसे काढायचे याची रीत येथे मुंबई-नागपूर हेच उदाहरण घेऊन दिली आहे. तीच रीत अन्य कोणत्याही दोन शहरांना लावता येईल.

अंतर कोठून कोठपर्यंत

पहिले काम म्हणजे दोन टोके नक्की करणे. मुंबईचा विस्तार दक्षिणेला कुलाब्यापासून उत्तरेला दहिसरपर्यंत आहे, आणि बोलताना आपण ठाणे, कल्याण, नवी मुंबई हीदेखील सहज मुंबईतच धरतो. त्यामुळे ‘मुंबईहून’ एवढे म्हटल्याने हिशेबात तीस-चाळीस किलोमीटरचा आणि गर्दीच्या वेळी दीड तासाचा फरक पडू शकतो. जुन्या काळी दोन्ही शहरांत यासाठी ठरावीक बिंदू होते. मुंबईत हॉर्निमन सर्कलजवळच्या सेंट थॉमस कॅथेड्रलपासून मैल मोजले जात, आणि त्या मोजणीचे मैलाचे दगड शहरात आजही काही ठिकाणी दिसतात. नागपुरात विधानभवनाच्या जवळ झिरो माईलचा स्तंभ आहे. तो ब्रिटिश काळातल्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाच्या कामातून १९०७ मध्ये उभा राहिला, आणि तेथल्या दगडावर आसपासच्या गावांची अंतरे मैलांत कोरलेली आहेत. अंतर सांगण्याआधी बिंदू ठरवण्याची ही शिस्त आजच्या प्रवाशानेही पाळावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. आपल्या हिशेबात एक टोक आपल्या घराचे दार असावे आणि दुसरे टोक, मग ते सिव्हिल लाइन्समधले उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ असो, विमानतळाजवळच्या मिहान प्रकल्पातले एम्स रुग्णालय असो की धरमपेठेतले नातेवाइकांचे घर असो, नेमके ठाऊक असावे.

हवाई अंतर स्वतः काढण्याची रीत

हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या वक्र पृष्ठभागावरचे दोन बिंदूंमधले सर्वांत कमी अंतर. त्यासाठी दोन्ही ठिकाणांचे अक्षांश आणि रेखांश पुरेसे असतात, आणि ते मोबाइलवरच्या कोणत्याही नकाशात त्या ठिकाणावर बोट दाबून धरले की मिळतात. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १८.९४ अंश उत्तर आणि ७२.८४ अंश पूर्व येथे आहे; नागपूरचा झिरो माईल सुमारे २१.१५ अंश उत्तर आणि ७९.०८ अंश पूर्व येथे आहे. अक्षांशांतला फरक २.२१ अंश, रेखांशांतला फरक ६.२४ अंश. अक्षांशाचा एक अंश सर्वत्र जवळजवळ १११ किलोमीटरचा असतो, म्हणून दक्षिणोत्तर अंतर सुमारे २४५ किलोमीटर होते. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तापासून दूर जावे तसा आखूड होत जातो, म्हणून १११ ला त्या ठिकाणच्या अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते. दोन्ही शहरांच्या मधला अक्षांश साधारण २० अंश, त्याचा कोसाइन ०.९४, म्हणजे येथे रेखांशाचा एक अंश सुमारे १०४.५ किलोमीटर भरतो आणि पूर्व-पश्चिम अंतर ६५२ किलोमीटर येते. आता २४५ आणि ६५२ या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू धरून पायथागोरसच्या सूत्राने कर्ण काढला, की उत्तर सुमारे ६९७ किलोमीटर मिळते.

राज्याच्या किंवा शेजारच्या राज्यांच्या आवाक्यातील अंतरांसाठी ही शाळेतली रीत पुरेशी अचूक आहे. मुंबई ते लंडन असे काही मोजायचे असेल तर मात्र पृथ्वीचा गोल आकार धरणारे सूत्रच वापरावे. विमान अर्थातच टर्मिनसहून झिरो माईलला जात नाही. मुंबईचा विमानतळ शहराच्या उत्तरेकडे आणि नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ शहराच्या नैर्ऋत्येला सोनेगाव येथे असल्याने विमानतळ ते विमानतळ हे अंतर थोडे कमी, म्हणजे सुमारे ६८३ किलोमीटर भरते. दोन संकेतस्थळांवर हवाई अंतराचे दोन वेगळे आकडे दिसले तर बहुतेक वेळा कारण हेच असते. एकाने शहरांचे मध्य धरलेले असतात, दुसऱ्याने धावपट्ट्या.

रस्त्याचे अंतर आणि भूगोल

रस्त्याचे अंतर सरळ रेषेच्या किती पट आहे, हे एकदा काढून ठेवले की मधल्या भूगोलाची चांगली कल्पना येते. मुंबई ते पणजी हवाई अंतर चारशे किलोमीटरच्या किंचित आत आहे, पण कोकणातले घाट, खाड्या आणि वळणे यांमुळे रस्ता सुमारे ५८० किलोमीटर, म्हणजे जवळजवळ दीडपट होतो. मुंबई ते पुणे हे गुणोत्तर सव्वापटीच्या आसपास राहते, कारण मध्ये सह्याद्री चढावा लागतो. मुंबई ते नागपूर जुन्या रस्त्याने सुमारे ८३० किलोमीटर, म्हणजे एक पूर्णांक दोन पट होत असे; समृद्धी महामार्गाने हे गुणोत्तर एक पूर्णांक एकच्या जवळ आले आहे. इतक्या लांबच्या रस्त्यासाठी ही असामान्य सरळ रेषा आहे. कसारा घाट एकदा मागे पडला की पुढे सारा दख्खनच्या पठाराचा प्रदेश लागतो, आणि हा मार्ग गावे बाजूला ठेवून नव्याने आखलेला आहे, ही दोन्ही कारणे त्यामागे आहेत.

समृद्धी महामार्गाची एकूण लांबी ७०१ किलोमीटर आहे आणि तो चार टप्प्यांत खुला झाला. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी, शिर्डी ते भरवीर हा ८० किलोमीटरचा टप्पा मे २०२३ मध्ये, भरवीर ते इगतपुरी हा २५ किलोमीटरचा टप्पा मार्च २०२४ मध्ये, आणि इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. हे टप्पे ध्यानात ठेवण्यासारखे आहेत, कारण त्यांवरून अंतराचा हिशेब तोंडी करता येतो: नागपूरहून शिर्डीचा आंतरबदल (महामार्गावर चढण्या-उतरण्याची जागा, इंटरचेंज) ५२० किलोमीटरवर, भरवीर ६०० वर, इगतपुरी ६२५ वर आणि आमणे ७०१ वर. हा मार्ग नागपूर, वर्धा, अमरावती, वाशिम, बुलढाणा, जालना, छत्रपती संभाजीनगर, अहिल्यानगर, नाशिक आणि ठाणे अशा दहा जिल्ह्यांतून जातो.

येथे एक गोष्ट आवर्जून लक्षात घ्यावी. ७०१ किलोमीटर हे मुंबई ते नागपूर अंतर नव्हे. आमणे हे भिवंडी तालुक्यात, पडघ्याजवळ आहे, आणि नागपूरकडचे टोक शिवमडका येथे, शहराच्या बाहेर आहे. दक्षिण मुंबईतून आमण्यापर्यंत साठ किलोमीटरहून थोडे अधिक, ठाण्यातल्या माजिवड्यापासून पंचवीस-तीस किलोमीटर, आणि शिवमडक्यापासून सीताबर्डीपर्यंत आणखी पंधरा-वीस किलोमीटर धरावे लागतात. म्हणून दारापासून दारापर्यंतचा रस्ता दक्षिण मुंबईकराला सुमारे ७८० किलोमीटर आणि ठाणेकराला सुमारे ७४५ किलोमीटर पडतो. दुचाकी आणि तीनचाकी वाहनांना समृद्धीवर प्रवेश नाही. त्यांना जुन्या मार्गाचेच अंतर आणि जुन्या मार्गाचाच वेळ धरावा लागतो. नकाशाच्या ॲपमध्ये वाहनाचा प्रकार चुकीचा निवडलेला असेल किंवा ‘टोल टाळा’ हा पर्याय चालू राहिला असेल तर ते निमूटपणे वेगळाच रस्ता दाखवते, त्यामुळे मार्गाचे नाव वाचल्याशिवाय तेथला आकडा घेऊ नये.

रस्त्याने लागणारा वेळ

अंतराला वेगमर्यादेने भागून आलेला वेळ हा कागदावरचा वेळ असतो. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे आणि मालमोटारींना ८० ची. ७०१ ला १२० ने भागले तर पाच तास पन्नास मिनिटे येतात, पण तो वेळ कोणत्याही समंजस चालकाच्या वाट्याला येत नाही आणि येऊही नये. घाट आणि बोगद्यांच्या भागात वेग कमी करावा लागतो, मालमोटारींना ओलांडताना तो उतरतो, आणि मुख्य म्हणजे माणसाला थांबावे लागते. प्रत्यक्ष चालण्याचा सरासरी वेग ताशी १०० धरावा. तेवढ्याने सात तास होतात. हा वेग ११० वर नेला तर चाळीस मिनिटांहूनही कमी वेळ वाचतो, आणि त्याच्या बदल्यात इंधन वाढते, कारण हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत जातो. याशिवाय गाडी थांबवण्यासाठी लागणारे अंतरही वाढते. सात तासांच्या प्रवासात चाळीस मिनिटांसाठी हे मोल देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

थांब्यांचा वेळ आधीच हिशेबात धरावा. दर दोन तासांनी पंधरा मिनिटे आणि जेवणाचा अर्धा तास, असे मिळून सव्वा ते दीड तास होतो. समृद्धीवर हा नियम जुन्या रस्त्यांपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळला पाहिजे. सरळ, रुंद, एकसारख्या सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने गाडी चालवताना डोळे उघडे असूनही मेंदूची सावधता मंदावते. याला रस्ता संमोहन म्हणतात. गावे, चौक, चहाच्या टपऱ्या, समोरून येणारी वाहने असे लक्ष जागे ठेवणारे काहीही या मार्गावर नसते. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेड राजाजवळ नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवाशांचा मृत्यू झाला. रात्री बारा ते पहाटे पाच या वेळेत हा मार्ग स्वतः गाडी चालवून कापण्याचा बेत करू नये. निघण्याची वेळ अशी निवडावी की संपूर्ण ७०१ किलोमीटर उजेडात पार पडतील.

उजेडाचाही हिशेब आहे. नागपूर मुंबईच्या सव्वासहा अंश पूर्वेला असल्याने तेथे सूर्य सरासरी पंचवीस मिनिटे आधी उगवतो आणि तेवढाच आधी मावळतो. मुंबईहून पहाटे निघालेल्या चालकाला सकाळचा सूर्य समोरून येतो. नागपूरहून सकाळी निघालेल्याच्या तो पाठीशी असतो, पण दुपारनंतर, नेमका थकव्याच्या वेळी, नाशिक जिल्ह्याच्या परिसरात डोळ्यांवर येतो. परतीच्या प्रवासात सकाळी सहा-साडेसहाला नागपूर सोडले तर सूर्य पुरता खाली येण्याआधी इगतपुरी गाठता येते, आणि तेथला सुमारे आठ किलोमीटरचा जोडबोगदाही ताज्या डोळ्यांनी पार करता येतो. एप्रिल-मे महिन्यांत विदर्भाचे तापमान ४५ अंशांच्या आसपास जाते, तेव्हा टायर किती जुने आहेत हे पाहून, त्यांत गाडीच्या कंपनीने सांगितलेला हवेचा दाब सकाळी टायर थंड असताना भरूनच निघावे.

इंधनाची टाकी किंवा बॅटरी मार्गावर चढण्यापूर्वीच भरलेली असावी. पेट्रोल पंप आणि विश्रांतीच्या जागा आहेत, पण जुन्या महामार्गासारख्या पावलोपावली नाहीत, आणि मध्येच गावात उतरायचे म्हटले तर पुढच्या आंतरबदलापर्यंत जावे लागते. म्हणून कारंजा लाड, मेहकर, जालना, सावंगी, शिर्डी हे उतरण्याचे टप्पे निघण्याआधीच मनाशी ठरवून ठेवावेत. पथकर अंतरावर आकारला जातो आणि मार्गाबाहेर पडताना कापला जातो. एप्रिल २०२५ पासून हलक्या वाहनांसाठी तो किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे होता. त्या दराने पूर्ण मार्गाचे एका बाजूचे सुमारे १,४४५ रुपये होतात. तेवढी शिल्लक फास्टॅगमध्ये नसेल तर बाहेर पडताना खोळंबा होतो.

आता उरला तो सर्वांत फसवा भाग, म्हणजे घर ते आमणे. या मार्गावरची सातशे किलोमीटर सात तासांत जातात आणि आधीचे तीस किलोमीटर कधीकधी दीड-दोन तास घेतात. माजिवडा, मानकोली, भिवंडीचे बाह्यवळण आणि वडपे या पट्ट्यात गोदामांची अवजड वाहतूक आणि नाशिककडची वाहतूक एकत्र येते. पहाटे सहाच्या आत हा पट्टा ओलांडला तर पाऊण तास पुरतो. सकाळी आठनंतर किंवा संध्याकाळी दीड तास धरावा, आणि दक्षिण मुंबईतून निघणाऱ्याने त्यात आणखी पाऊण ते एक तास मिळवावा. नकाशाच्या ॲपमध्ये ‘आता निघाल्यास’ दाखवलेला वेळ पाहून उद्याचा बेत ठरवू नये. निघण्याचा वार आणि वेळ निवडण्याची सोय तेथे असते, ती वापरून पाहावे. पावसाळ्यात या टोकाला अर्धा तास जास्तच ठेवावा.

अशी बेरीज केली तर ठाण्याच्या माणसाला रस्त्याने घर ते आमणे एक तास, समृद्धीवर सात तास, थांबे सव्वा तास आणि शिवमडका ते शहर चाळीस मिनिटे, असे मिळून जवळजवळ दहा तास लागतात. सरकारी माहितीत येणारे ‘आठ तास’ हे महामार्गाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचे आहेत, हे ध्यानात ठेवले की या दोन आकड्यांत विरोध वाटत नाही. रात्रीच्या बसला याहून अधिक वेळ लागतो, कारण ती मुंबई-ठाण्यातल्या अनेक थांब्यांवर प्रवासी घेत निघते.

विमानाने लागणारा वेळ

या मार्गावर वेळापत्रकात साधारण दीड तासाचे उड्डाण दाखवतात. ताशी आठशे किलोमीटरने ६८३ किलोमीटर जायला एक तासही लागायला नको, मग बाकीचा वेळ कशाचा, असा प्रश्न पडतो. वेळापत्रकातला वेळ विमान जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या ठिकाणी जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंत सरकणे, रांगेत थांबणे, वर चढताना आणि खाली उतरताना कमी असलेला वेग, उतरण्यासाठी घ्यावी लागणारी वळणे, हे सारे त्यात येते. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे तेथे एका वेळी एकच वापरता येते आणि गर्दीच्या वेळी येणाऱ्या विमानांना आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. म्हणूनच मुंबईकडे येणाऱ्या उड्डाणाला वेळापत्रकातही बहुधा थोडा जास्त वेळ दिलेला असतो. हिवाळ्यात वरच्या थरांतले वारे पश्चिमेकडून वाहतात आणि नागपूरला जाताना काही मिनिटे वाचवतात, पण इतक्या कमी अंतरात तो फरक हिशेबात धरण्याइतका नाही.

प्रवाशाचा खरा वेळ जमिनीवर जातो. बहुतेक कंपन्या देशांतर्गत उड्डाणासाठी सामान घेणे सुमारे एक तास आधी आणि बोर्डिंगचे दार वीस-पंचवीस मिनिटे आधी बंद करतात. प्रवेशद्वार, सामान, सुरक्षा तपासणी या रांगा धरून विमानतळावर उड्डाणाच्या पावणेदोन तास आधी पोहोचावे. केवळ हातातले सामान असेल आणि बोर्डिंग पास आधीच काढलेला असेल तर सव्वा तास पुरतो, पण सुट्ट्यांच्या हंगामात तेवढ्यावर विसंबू नये. कोणत्या विमानतळावरून आणि कोणत्या टर्मिनलवरून उड्डाण आहे, हे तिकिटावर पुन्हा एकदा वाचावे. जुन्या विमानतळाचे टर्मिनल एक विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टर्मिनल दोन सहारला आहे, आणि डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईचा विमानतळही प्रवाशांसाठी सुरू झालेला आहे. पनवेल, खारघर, कल्याण किंवा पुण्याच्या वाटेवरच्या गावांतून येणाऱ्यांनी तेथून सोयीचे उड्डाण आहे का हे आधी पाहावे, तर बोरिवलीच्या माणसाने चुकून तेथले तिकीट काढले तर वाचलेले सगळे पैसे आणि वेळ खाडीपलीकडे जाण्यातच खर्च होतात. दक्षिण मुंबईतून जुन्या विमानतळाकडे जायला आता भुयारी मेट्रो तीन उत्तम आहे. ती ऑक्टोबर २०२५ मध्ये कफ परेडपर्यंत पूर्ण झाली आणि तिची दोन्ही टर्मिनलांसाठी स्थानके आहेत. रस्त्याने लागणारा वेळ दिवसागणिक बदलतो, मेट्रोचा बदलत नाही, आणि विमान पकडायचे असताना हाच गुण सर्वांत मोलाचा.

नागपूरला उतरल्यावर मात्र सारे सोपे असते. विमानतळ शहरापासून सुमारे आठ किलोमीटरवर आहे. सामान मिळायला वीस-तीस मिनिटे आणि वर्धा मार्गाने शहरात जायला तीस-चाळीस मिनिटे धरावीत. मेट्रोच्या ऑरेंज मार्गिकेवर विमानतळाचे स्थानक आहे, पण ते वर्धा मार्गावर असून टर्मिनलच्या दारात नाही. सामान जड असेल तर मधल्या अंतरासाठी रिक्षा लागते. मिहानमधल्या एम्समध्ये रुग्णाला घेऊन जाणाऱ्यांना शहरात शिरण्याची गरजच नाही, कारण मिहान शहराच्या दक्षिणेला, विमानतळाच्या पलीकडच्या बाजूला आहे. रस्त्याने येणाऱ्यांनाही शिवमडक्याहून ते शहराच्या मध्यभागापेक्षा सोयीचे पडते.

ठाण्याच्या त्याच माणसाची विमानाची बेरीज अशी होते: घर ते टर्मिनल दोन एक तास, विमानतळावर पावणेदोन तास, उड्डाण एक तास पस्तीस मिनिटे, सामान अर्धा तास आणि शहरात जायला पस्तीस मिनिटे, म्हणजे पाच तास पंचवीस मिनिटे. वाटेतल्या आणि उड्डाणाच्या संभाव्य उशिराचा अर्धा तास मिळवला तर सहा तास. दीड तासाचे उड्डाण आणि सहा तासांचा प्रवास यांतले अंतर न ओळखल्यामुळेच अनेकांची दिवसभराची कामे कोलमडतात.

कोणाला काय सोयीचे

या दोन बेरजा शेजारी ठेवल्या की एक महत्त्वाची गोष्ट दिसते. विमानप्रवासातला बहुतांश वेळ अंतराशी निगडित नसतो. शहरे जवळ असोत की दूर, जमिनीवरचे चार-साडेचार तास जातातच. रस्त्याचा वेळ मात्र थेट अंतराबरोबर वाढतो. म्हणून समृद्धीसारख्या मार्गावर साडेचारशे-पाचशे किलोमीटरपर्यंत मोटार आणि विमान जवळजवळ बरोबरीत येतात, त्याच्या आत मोटार पुढे जाते आणि त्याच्या पलीकडे विमान. छत्रपती संभाजीनगरच्या माणसाने नागपूरला जाण्यासाठी विमानाचा विचारही करू नये. सावंगीला मार्गावर चढून साडेचार-पाच तासांत तो शिवमडक्याला उतरतो. नाशिककराने मुंबईला जाऊन विमान पकडणे म्हणजे तीन-चार तास उलट दिशेने खर्च करणे होय; नाशिकच्या ओझर विमानतळावरून त्या दिवशी थेट उड्डाण असेल तरच विमान, नाहीतर सिन्नरजवळच्या गोंदे येथे समृद्धीवर चढावे. दक्षिण मुंबईच्या आणि पश्चिम उपनगरांच्या रहिवाशांसाठी मात्र, गाडीत चार माणसे आणि भरपूर सामान नसेल तर, विमानच योग्य. रेल्वे हा या लेखाचा विषय नाही, तरी एवढे सांगितले पाहिजे की ८३७ किलोमीटरचा हा लोहमार्ग दुरांतो एक्सप्रेस रात्रीत साधारण अकरा तासांत कापते, आणि ते अकरा तास झोपेचे असल्याने ज्येष्ठांसाठी तो पर्याय दोन्हींपेक्षा सुखाचा ठरतो.

तारखेकडेही पाहावे. डिसेंबरमध्ये विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन नागपुरात भरते तेव्हा मंत्री, आमदार, अधिकारी आणि मोर्चे घेऊन येणारी माणसे यांमुळे विमानांच्या जागा लवकर संपतात, आणि सिव्हिल लाइन्स व सीताबर्डी परिसरातले रस्ते काही वेळ बंद असतात. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर देशभरातून लाखो अनुयायी येतात. त्या दिवसांत शहरातल्या शेवटच्या टप्प्याला तासभर जास्त ठेवावा. हिवाळ्यात नागपूरचे आकाश निरभ्र असले तरी दिल्लीच्या धुक्याचा परिणाम होऊ शकतो, कारण एकच विमान दिवसभरात अनेक शहरांत फिरत असते आणि सकाळी झालेला उशीर संध्याकाळपर्यंत साठत जातो. वेळेचे काम असेल तर दिवसातले पहिले उड्डाण घ्यावे. ते विमान बहुधा रात्रीपासून मुंबईतच उभे असते.

भाड्याची गाडी चालकासह घेतली असेल तर त्याचेही तास मोजावेत. मोटार वाहतूक कामगारांसाठीच्या, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९६१ च्या कायद्यात दिवसाला आठ तास कामाची मर्यादा होती, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती देणे बंधनकारक होते. ठाणे ते नागपूर हाच त्याच्या दिवसाचा पूर्ण भार आहे. त्याच रात्री परत फिरायला सांगणे त्याच्याही आणि आपल्याही जिवाशी खेळणे आहे. नागपुरात त्याच्या मुक्कामाची सोय करावी आणि तो खर्च आधीच ठरवून घ्यावा.

शेवटी, हा सगळा हिशेब नेहमी पोहोचण्याच्या वेळेपासून मागे मोजत यावा. समजा, नागपूर खंडपीठात सकाळी साडेदहाला हजर राहायचे आहे. आवारात दहाला पोहोचावे, म्हणजे विमानातून पावणेनऊच्या आत उतरले पाहिजे, म्हणजे मुंबईहून सात-सव्वासातच्या आत उड्डाण हवे, म्हणजे विमानतळावर साडेपाचला आणि ठाण्याच्या घरातून पावणेपाचला निघणे आले. त्या दिवशी एवढ्या सकाळचे उड्डाण नसेल, किंवा सुनावणी चुकवून चालणारच नसेल, तर आदल्या संध्याकाळचे तिकीट काढावे. रस्त्याने जायचे असेल तर आदल्या दिवशी पहाटे साडेपाचला निघून दुपारी साडेतीन-चारपर्यंत नागपुरात मुक्कामी पोहोचावे, आणि कागदपत्रे पाहण्यासाठी संध्याकाळ मोकळी ठेवावी.